तटाला हात लावून

दिवाळी सरली की आमच्याकडच्या सड्यांचा, त्या कातळाच्या माळांचा रंग बदलतो. पावसाळाभर लवलवणारं गवत हळूहळू पिवळं होत जातं आणि एका सकाळी उठून पाहावं तर सगळा सडा सोनेरी झालेला असतो. त्या गवताला एक वास असतो. ओला नाही, अगदी कोरडाही नाही. उन्हात वाळत घातलेल्या गोधडीसारखा ऊबदार. भातं कापून झालेली असतात, मळ्यांतून नुसती धसकटं उरलेली असतात. पहाटे बांधाच्या दगडी गडग्यांवरची कोळ्यांची जाळी दंवाने जड होऊन चमकतात, आणि जामसंड्याच्या आंब्याच्या बागांतून फवारणीच्या पंपांची घरघर ऐकू येऊ लागते.

आज सकाळी अंगणात उभी राहिले आणि तो वास आला. मग चहा गार होईपर्यंत मी विजयदुर्गातच होते.

विजयदुर्ग म्हटलं की लोकांना समुद्र आठवतो, बुरूज आठवतात. मला छातीएवढं वाळलेलं गवत आठवतं, त्यातून पोटऱ्या खरचटत जाणारी मी आठवते, आणि वाऱ्यावर फाटून गेलेली माझीच हाक आठवते.

त्याला आता काही वर्षं झाली. भाऊबीज तेव्हा शनिवारी आली होती. दादा आचऱ्याहून त्याच्या मोटारसायकलवरून आला. माझा हा एकुलता एक थोरला भाऊ. कोवळ्या वयात मालवाहू बोटीवर खलाशी म्हणून चढला आणि सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम होऊन, केस पिकल्यावर उतरला. निवृत्त झाल्यावर आचऱ्याच्या घरी नारळीच्या चार झाडांत आणि थोड्या भातात त्याने जीव रमवला. वहिनी गुडघ्यांनी जेरीस आलेली, तिला फार चालवत नाही. त्यामुळे बाजार असो, देऊळ असो, कुणाकडचं लग्न असो, ती दादाच्या मागे मोटारसायकलवर एका बाजूला पाय सोडून बसते आणि जाते. म्हणजे तेव्हा जायची.

ओवाळून झाल्यावर मी फराळाचं ताट त्याच्या पुढे केलं. पुढे म्हणजे डाव्या बाजूने. तो समोर बघत बसून राहिला.

"घे ना रे," मी म्हटलं.

त्याने मान वळवली, ताटाकडे पाहिलं आणि हसून हात पुढे केला. "लक्ष नाय होता," म्हणाला.

मलाही त्यात काही वाटलं नाही. माणूस विचारात असतो. मी ताट त्याच्या हातात दिलं आणि चकली कशी झालीय ते विचारलं.

विजयदुर्गाला जायची टूम त्याचीच. "बोटीवरसून कितीदा बघितलय, आतसून कधी बघूक नाय," तो रात्री जेवताना म्हणाला. जगातल्या कुठल्या कुठल्या बंदरांत फिरलेला माणूस, आणि घरापासून सकाळी निघून दुपारी पोचावं असा हा किल्ला मात्र त्याने आतून पाहिला नव्हता. माझ्या मिस्टरांकडे रविवारी बागेत फवारणीला गडी येणार होते. ते म्हणाले, "तुमी दोघा भावंडां जावा. माका बागेतसून हलाक जमाचा नाय."

लग्न झाल्यापासून मी आणि दादा असे दोघंच कुठे गेलो नव्हतो. लहानपणी आचऱ्याच्या जत्रेला तो मला हाताला धरून न्यायचा, गर्दीत घट्ट, मनगटाला वळ उठेल इतकं घट्ट. त्यानंतर एकदम हेच.

सकाळचं ऊन कोवळं होतं. वाडातरच्या पुलावर खाडीचा वारा लागला तेव्हा मी डोक्यावरून पदर घेतला. दादा हळू चालवत होता, मला वाटलं मी मागे आहे म्हणून. पडेलच्या पुढे डावीकडच्या गडग्याच्या खिंडीतून एक म्हैस रस्त्यावर आली. आली म्हणजे रमतगमत, म्हशी येतात तशी. मला ती लांबून दिसली होती. दादाने मात्र अगदी शेवटच्या क्षणी ब्रेक दाबला. मी त्याच्या पाठीवर आपटले.

"मधेच येतत मेली," तो म्हणाला.

त्याच्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती. त्या गार वाऱ्यात.

किल्ल्याच्या दरवाज्याशी वाट वळणं घेत आत जाते. बाहेरून येणाऱ्याला दरवाजा दिसूच नये अशी ती योजना आहे. आत गेलं की तटाच्या आत आणखी एक तट, त्याच्या आत आणखी एक. काळ्या-तांबड्या चिऱ्यांच्या त्या भिंतींमधून वडा-पिंपळाची मुळं उतरलेली. पावसाळ्यानंतर अजून कुणी गवत कापलं नव्हतं. पायवाटा होत्या, पण थोड्या अंतरावर जाऊन त्या गवतात बुडत होत्या. माणसंही फारशी नव्हती; सकाळची एक सहल परत निघाली होती.

तळ्याजवळच्या सावलीत बसून आम्ही डब्यातल्या घावन-चटणीचा फडशा पाडला. दादाने खिशातला मोबाइल काढून माझ्या पिशवीत टाकला, शर्टाची दोन बटणं सोडली. "मी बुरजारसून येतंय. थंयसून वाघोटनाची खाडी दिसता काय बघतंय. तू बस."

मला ऊन सोसवत नव्हतं. मी बसले.

गवतातून जाणारा त्याचा पांढरा शर्ट थोडा वेळ दिसत राहिला, मग दिसेनासा झाला. वारा पडला की समुद्राचा आवाज यायचा, वारा उठला की फक्त गवताचा. मला बसल्या बसल्या डुलकी लागली. जागी झाले तेव्हा झाडाची सावली माझ्या पायांवरून सरकून गेली होती आणि दादा आलेला नव्हता.

आधी मी नुसती उभी राहून बघत राहिले. मग हाक मारली. वाऱ्याने ती उचलून माझ्याच मागे टाकली. मोबाइल तर माझ्याच पिशवीत. मी बुरजाकडे निघाले.

बुरजावर कुणी नव्हतं. कठडा एका जागी ढासळलेला होता आणि खाली, खूप खाली, खडकांवर पांढरा फेस येऊन फुटत होता. मी तिथे किती वेळ खाली बघत उभी होते मला सांगता येणार नाही. खाली काही पांढरं दिसलं की मला त्याचा शर्ट वाटायचा, आणि तो फेस निघायचा. शेवटी मी डोळे मिटले, मागे सरले आणि स्वतःला बजावलं, की बोटीच्या शिडीवरून वादळात चढ-उतार केलेला माणूस आहे तो. तो असा पडायचा नाही.

उतरताना मी दुसऱ्याच पायऱ्यांनी उतरले असणार. कारण जिथे पोचले तिथे तळं नव्हतं. दोन्ही बाजूंना तट होता आणि मधे एक लांबच लांब, गवताने भरलेली बोळ. मी उजवीकडे गेले. पुढे दगडांचा ढीग पडून वाट बंद झाली होती. मागे वळले, डावीकडे गेले. वडाच्या मुळांनी भिंत फोडलेली एक जागा लागली. पुढे गेले, एक कमान लागली, तिच्यातून आत शिरले, चढले, उतरले, आणि परत वडाच्या मुळांनी फोडलेली तीच भिंत पुढे उभी.

चुकण्याची भीती मोठी विचित्र असते. आपण एका किल्ल्यात आहोत, त्याला दार आहे, बाहेर गाव आहे, चहाचं दुकान आहे, एसटीचा थांबा आहे, हे सगळं डोक्याला ठाऊक असतं. पण पायांना ते पटत नाही. ते आपले घाईघाईने चालू लागतात, आणि जितकी घाई तितकं सगळं एकसारखं दिसू लागतं. दगडाला चेहरा उरत नाही. ज्या भिंती शत्रूला चकवायला बांधल्या, त्यांना मी कोण हे कसं कळावं? त्यांनी मलाही तितक्याच इमानाने चकवलं.

मी खाली बसले. पाणी प्यायले. मग बकरीचा आवाज आला.

आवाजाच्या रोखाने गेले तर एका पडक्या चौथऱ्याजवळ पाच-सहा बकऱ्या चरत होत्या आणि डोक्याला ओढणी बांधलेली एक बाई विळ्याने गवत कापत होती. माझ्याच वयाची असावी. गावातलीच. नाव हमीदा, हे मागाहून कळलं.

"भाभी, एक माणूस बघितलास काय? पांढरो शर्ट, उंच."

ती कंबर सरळ करत उठली. "तो? तो मगापासून तटाक हात लावून चलता आसा. एकदा हयसून गेलो, परत फिरान हयसूनच गेलो. मी इचारलंय, वाट चुकलंव काय? तर म्हणता, नाय, किल्लो बघतंय."

"खंय गेलो?"

"चल, दाखवतंय."

विळा कमरेला खोचून ती पुढे झाली. बकऱ्या तिच्या मागे, त्यांच्या मागे मी. एका वळणाशी तिने हात केला आणि ती थांबली. पुढे मी एकटी गेले.

दादा एका तुटक्या पायरीवर बसला होता. डाव्या पायाची नडगी सोलवटून रक्त आलं होतं, ते सुकलंही होतं. उजवा तळहात चिऱ्याच्या धुळीने तांबडाभडक. तो समोर, लांब, गवताच्या पलीकडे बघत होता. मी गवत तुडवत गेले, पण वाऱ्याने सगळं रान सळसळत होतं, माझ्या पावलांचा वेगळा आवाज त्याला आला नसावा. त्याच्या डाव्या हाताला, अगदी हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, जाऊन मी उभी राहिले. धाप आवरत होते.

आणि दादाने तोंडाभोवती हातांची ओंजळ केली, आणि लांबवर हाक मारली, "नंदूऽऽ!"

मी त्याच्या शेजारी उभी होते.

त्याने परत हाक मारली. त्या हाकेत जरब नव्हती, सारंगाचा आवाज नव्हता. जत्रेत हात सुटलेल्या मुलाचा आवाज होता.

"दादा," मी म्हटलं.

तो दचकला. मान वळवून, शोधून, त्याने मला पाहिलं. मी कधी आले, कुठून आले, त्याच्या चेहऱ्यावर काहीच हिशेब लागत नव्हता. मग लागला. मलाही सगळं कळलंय हे त्याला कळलं, आणि त्याने खाली बघितलं.

"खंय होतंस गो?" तो हळूच म्हणाला.

मी त्याच्या शेजारी बसले. पदर ओला करून त्याची जखम पुसली. "कधीपासून?" एवढंच विचारलं.

त्याने पाय जवळ ओढून घेतला. मग म्हणाला, "दोन वर्सां झाली असतीत. समोरचा सगळा दिसता. पेपर वाचतंय, सुयेत दोरो घालतंय. पण बाजूचा नाय, डाव्या अंगाक तर कायच नाय. नळीतसून बघल्यासारखा. आधी नळी मोठी होती."

"डॉक्टराक दाखवलंस?"

"नाय."

"वहिनीक?"

"तिका सांगू नको." हे मात्र त्याने पटकन म्हटलं. "ती गाडी म्हणजे तिचे पाय आसत, नंदू. गाडी गेली की ती घरात बसली. एवढा आयुष्य माझी वाट बघीत घरात बसान काढल्यान. आता कुठे फिरता माझ्या पाठीर बसान."

आमच्या बाबांचे डोळे शेवटी गेले होते. तेव्हा आम्ही म्हातारपण म्हणून सोडून दिलं. दादाच्या मनात ते असणारच.  चिऱ्याच्या फटीतून मुंग्यांची एक रांग चालली होती, दोघंही ती बघत बसलो.

हमीदाने लांबूनच हाक दिली, "मिळालो मां? चला मगे, दरवाजार सोडतंय."

परतताना मी पुढे, तो मागे. वाट एका माणसापुरती. मी डब्याच्या पिशवीचा एक बंद धरला आणि दुसरा मागे केला. "धर," म्हटलं. त्याने धरला. हमीदा आणि तिच्या बकऱ्या पुढे, मधे मी, आणि पिशवीचा दुसरा बंद धरलेला माझा थोरला भाऊ. पायरी आली की मी "पायरी" म्हणायची. फांदी आली की "वाक" म्हणायची. तो तसंच करायचा. पिशवीत रिकाम्या डब्यांचा खुळखुळाट होत होता, आणि तो ऐकून, का कुणास ठाऊक, माझ्या मनातली सगळी भीती निवली.

खरी परीक्षा बाहेर होती. दरवाज्याच्या बाहेर झाडाखाली मोटारसायकल उभी होती. दादाने खिशातून किल्ली काढली, लावली आणि सीटवर बसला.

"बस," तो म्हणाला.

"मी बसूचंय नाय."

"अगो इलंव तसा जावया. हळू नेतंय."

"येताना माका ठावक नव्हता."

त्याने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. माझ्या लहानपणापासून त्याने एकदा काही ठरवलं की आमच्या घरात कुणी बोलत नसे, बाबासुद्धा. मी पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि उभी राहिले. हमीदा जरा बाजूला जाऊन बकऱ्यांशी उगाच बोलत राहिली.

"दादा," मी म्हटलं, "उद्या वहिनी पाठीर बसात, तिचे पाय डाव्या बाजून. आणि डाव्या बाजूनच एस्टी येयत. मगे?"

तो पुढच्या चाकाकडे बघत राहिला. इंजिन नुसतंच फटफटत होतं. मग त्याने ते बंद केलं. किल्ली काढली. उतरला. उतरताना गाडीच्या टाकीवर एकदा तळहात ठेवला, तांबड्या धुळीचा ठसा उमटला तिच्यावर.

"हयसर ठेवची कोणाकडे?" त्याने विचारलं.

हमीदाला सगळं समजलं होतं की नव्हतं, मला माहीत नाही. ती म्हणाली, "आमच्या खळ्यात ठेवा. पावस नाय, काय नाय. कधीव येवन घेवन जावा." तिने आम्हांला घरी नेऊन लिंबाचं सरबत दिलं. दादाने गाडी तिच्या खळ्यात, अंगणातल्या माडाखाली ढकलत नेऊन लावली आणि चावी तिच्या हातात दिली.

एसटीला वेळ होता. थांब्याशी बाकड्यावर बसून दादाने आपणहून मोबाइल मागितला. वहिनीला फोन लावला. मी उठून जाऊ लागले तर त्याने हाताने बसवलं. त्याने तिला जसं होतं तसं सांगितलं, अगदी थोड्या शब्दांत, बोटीवरून तार पाठवावी तसं.  मग वहिनीचा आवाज, मलाही ऐकू यावा इतका स्पष्ट.

"माका सांगूक नाय? माका?"

दादा फोन कानाशी धरून बसून राहिला. समोर खाडीत एक होडी पलीकडे चालली होती. थोड्या वेळाने वहिनी म्हणाली, "येष्टीन ये. संबाळून ये." आणि तिने फोन ठेवला.

डोळ्यांबद्दल ती त्याला कधी काही बोलली नाही. सांगितलं नाही, याबद्दल मात्र पुढे कितीतरी दिवस ती त्याच्याशी मोजकंच बोलली. भात वाढताना, कंदील पुसताना, तुळशीत पाणी घालताना ती गप्प. दादा मला फोनवर म्हणाला, "वादळ बरा गो. असो वारो पडलेलो सोसणा नाय." तुळशीचं लग्न झाल्यावर कधीतरी ती बोलायला लागली.

कणकवलीच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. जे गेलं ते येणार नाही, जे आहे ते थेंबांनी राखू या, असं म्हणाले. "सख्खी बहीण? मग तुम्हीही बसा," म्हणून त्यांनी माझेही डोळे तपासले. माझे ठीक निघाले. दर वर्षी दाखवायचं ठरलं. वहिनीच्या भाच्याने विजयदुर्गाहून गाडी आणली आणि तोच वापरू लागला. आता दादा-वहिनी आचऱ्याच्या बाजारात रिक्षाने जातात. घरातून रिक्षापर्यंत तो तिला आधार देतो. तिच्या गुडघ्यांना त्याचा हात हवा असतो, आणि त्याच्या डाव्या बाजूला ती असते.

कधी कधी वाटतं, त्या दिवशी आम्ही सरळ वाटेने गेलो असतो, बुरूज बघून, फोटो काढून परत आलो असतो तर? तो मला सोडून संध्याकाळी आचऱ्याला निघाला असता. एकटा, दिवेलागणीला. त्यापुढचा विचार मी करत नाही. गवताचा वास घेते आणि कामाला लागते.

या वर्षी तपासणीची तारीख भाऊबीजेनंतर लगेच आली. आम्ही दोघं एसटीने कणकवलीला गेलो. या तपासणीत माणसाला अंधाऱ्या खोलीत बसवतात, एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात तोंड घालायला लावतात. आत इथेतिथे बारीक दिवे लुकलुकतात. दिवा दिसला की हातातलं बटण दाबायचं. बाहेर बाकड्यावर बसले की मला आतलं बटण ऐकू येतं. टक. मग शांतता. टक, टक. मग लांब शांतता. त्या शांततेत मी पदराचा काठ चुरगाळत राहते.

दादा बाहेर आला तो डोळे चोळत. मी बाकड्यावर सरकून जागा केली. तो बाजूला बसला आणि म्हणाला, "रात्रीच्या पाळयेक बोटीच्या डेकार उभो ऱ्हवान लांबचे दिवे शोधूचंव ना, तसाच आसा ह्या. डाव्या अंगाक काळोख. पण आसत."

डॉक्टरांनी गेल्या वर्षीचा कागद आणि हा कागद शेजारी शेजारी धरले. "आहे तिथेच थांबलंय," म्हणाले. "थेंब चुकवू नका."

दवाखान्याच्या पायरीवरून दादाने वहिनीला फोन लावला. "अगो, जेवढे दिवे होते तेवढे आसत. एकव विझाक नाय."

पलीकडून वहिनी म्हणाली, "बरा. मगे येताना बाजारातसून वांगी घेवन ये. गेल्या येळेक किडकी आणलंस. नीट बघून घे."

आम्ही बाजारात गेलो. वांग्यांचा ढीग होता, जांभळा, तुकतुकीत. दादा त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि एकेक वांगं उचलून, डोळ्यांसमोर धरून, देठापासून बुडापर्यंत सावकाश फिरवून बघू लागला. विकणारी बाई कंटाळून माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्याकडे बघून हसले. आम्हांला काही घाई नव्हती.